त्या सात मुलांची नावं कुणालाही देऊ नका

पत्र असं आहे:

«सर, मी पूर्व विदर्भात तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडेच आहे. व्यसनमुक्ती सप्ताहाच्या निमित्ताने आमची किती मुलं व्यसन करतात याची टक्केवारी अहवालात द्यायची आहे. मी गूगल फॉर्म तयार केला, वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कॉलेजात साधारण ११०० मुलं. १८७ जणांनी भरला. ‘आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?’ याला ७ जणांनी हो म्हटलं, दारूला ४ जणांनी. म्हणजे तंबाखू ४ टक्केसुद्धा नाही! वसतिगृहाचे रेक्टर हसले. म्हणाले, निम्मी पोरं खर्रा (पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना) खातात, मी रोज पन्न्या झाडतो. सप्ताहाला आलेले वक्ते म्हणाले, आजची ८० टक्के तरुणाई व्यसनाधीन आहे. प्राचार्य म्हणतात, दारावर ‘तंबाखूमुक्त परिसर’ असा फलक आहे, शून्य लिहा. मी भाषेची माणूस. यातलं खरं काय आणि अहवालात लिहू काय?

ता. क. : फॉर्ममध्ये रोल नंबर आणि ई-मेल होता, एकाने दोनदा भरू नये म्हणून. वर ‘माहिती गोपनीय राहील’ असंही लिहिलं होतं. काल प्राचार्यांनी विचारलं, ‘ते सात कोण?’»

मॅडम, नमस्कार.

ताजा कलमापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबू शकत नाही. तुम्ही गोपनीयतेचा शब्द दिला आणि सात मुलांनी त्यावर भरवसा ठेवला. आज घरी गेल्यावर उत्तरांचा तक्ता उघडा. रोल नंबर आणि ई-मेलचे रकाने सोडून बाकीचं नव्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि जुनी फाइल कायमची काढून टाका. नुसते रकाने पुसून भागत नाही, फाइलच्या जुन्या आवृत्त्या मागे शिल्लक असतात. उत्तरांची एक प्रत फॉर्ममध्येही राहते, तीही काढा. मग प्राचार्यांना सरळ सांगा: शब्द दिला होता, म्हणून नावं खोडली. ते रागावतील. पण ती सात नावं नोटीस बोर्डावर गेली, किंवा एका जरी पालकाला फोन गेला, तर तुमच्या कॉलेजात पुढची दहा वर्षं कुणीही कुठल्याही फॉर्मवर खरं लिहिणार नाही. रक्तगटसुद्धा विचारून लिहितील.

आता तुमचे चार टक्के.

मला त्या सातांचं आश्चर्य वाटतं, सातच का याचं नाही. रोल नंबर लिहून ‘हो’ म्हणणारी सात मुलं निघाली हेच पुष्कळ. मी संख्याशास्त्र शिकवत असे. नोकरीच्या सुरुवातीला एका वसतिगृहात असलीच पाहणी केली होती. कागदावर नाव नव्हतं, सगळं अगदी शास्त्रोक्त. दारू पिणारे आले शून्य. मी खूश. निघताना चहावाला म्हणाला, सर, वॉर्डन साहेब दारात उभे होते ना! तेव्हापासून कुठलाही आकडा पाहिला की मी आधी विचारतो, दारात कोण उभं होतं? तुमच्या फॉर्मच्या दारात रोल नंबर उभा होता.

दुसरी गोष्ट तुमच्याच विषयातली आहे, म्हणून जरा हक्काने बोलतो. ‘तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन’! ही भाषा कोण बोलतं? सेवन च्यवनप्राशाचं करतात. जेवणानंतर खर्रा घोटून घेणाऱ्या मुलाला विचारा, तो म्हणेल, मी तंबाखू नाही खात, खर्रा खातो. आमच्या साताऱ्याकडे मावा खाणाराही हेच म्हणेल. आणि मशेरी लावणारी मुलगी तर शपथेवर ‘नाही’ म्हणेल. तिच्या लेखी ते दात घासणं आहे, आजीने शिकवलेलं. खोटं कुणीच बोलत नाही. तुमचा प्रश्न त्यांच्या गावाला गेलाच नाही. म्हणून एकेक नाव घ्या: खर्रा, गुटखा, मावा, चुना लावून तंबाखू, मशेरी, विडी, सिगारेट. ई-सिगारेटही घाला. २०१९ पासून तिच्या विक्रीवर देशभर बंदी आहे, पण गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि त्याच्या पुड्या कुठे पडलेल्या असतात ते तुम्हाला रेक्टर सर सांगतीलच.

तिसरं, कधीचं विचारलं? ‘करता का’ याला मुदत नाही. मित्राच्या लग्नात एकदा बिअर चाखलेला मुलगा काय लिहील? निम्मे हो लिहितील, निम्मे नाही. इथे मला आमच्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग सुखात्मे आठवतात. पाहणीशास्त्रात जगभर मानलं गेलेलं नाव. १९४०च्या दशकात शेतात छोटासा तुकडा आखून, तेवढंच पीक कापून, त्यावरून सगळ्या शेताचं उत्पन्न काढायची पद्धत होती. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगलेलं दिसतं. आखलेल्या रेषेवरचं रोप आत की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी काठावरची रोपं प्रमाणाने जास्त. व्यसनाच्या पाहणीत सगळी भांडणं काठावरच्या रोपांचीच असतात. अमेरिकेत हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी १९९३ मध्ये १४० कॉलेजांतल्या १७,५९२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. ४४ टक्के मुलं बेताल पितात असा निष्कर्ष निघाला आणि तो आकडा तिकडे वर्षानुवर्षं गाजला. पण ‘बेताल’ म्हणजे काय, तर मागच्या दोन आठवड्यांत एकदा तरी एका बैठकीत मुलाने पाच पेले किंवा मुलीने चार. बरोबर की चूक हा वाद निराळा. रेषा कुठे आखली ते त्यांनी सांगितलं होतं, म्हणून वाद घालता तरी आला. तुमच्या वक्त्यांच्या ८० टक्क्यांशी वाद कसा घालणार? त्यात चहा धरला असेल तर मी म्हणेन कमीच सांगितलं.

तेव्हा ‘गेल्या ३० दिवसांत एकदा तरी’ असं विचारा. महिन्याभराचं माणसाला आठवतं. मात्र महिना पाहून घ्या. श्रावण संपता संपता दारूचं विचाराल तर सगळं कॉलेज वारकरी दिसेल, आणि गटारीनंतर लगेच विचाराल तर उलट. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ३१ डिसेंबर आत येतो. यातला कुठलाही महिना खोटा नाही, पण अहवालात महिना लिहिला नाही तर आकडा खोटा होतो.

आणि चौथं, जे तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात: ११०० पैकी १८७. उरलेले ९१३ कोण? तुमच्या निरोपाला उत्तर देणारी मुलं बहुधा तुमच्या शिबिरांना येणारी, वर्गात पुढे बसणारी, आणि मुली जास्त. तासाच्या वेळी टपरीवर असलेला मुलगा ग्रुप म्यूट करून बसलाय. ज्याला मोजायचं तोच नेमका फॉर्मच्या बाहेर.

आता रेक्टर. त्यांची चूक उलट्या दिशेची आहे. पन्नी दिसते, पन्नी न टाकणारा दिसत नाही. दिवसाला आठ खर्रे खाणारा एकच पोरगा महिन्यात अडीचशे पन्न्या टाकतो आणि आख्खी विंग बदनाम करतो. कचऱ्याला मी कमी लेखत नाही हं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजे यांनी १९७३ पासून टुसॉन शहरातला घरगुती कचरा चक्क निवडून मोजला. लोक तोंडाने सांगतात त्याहून दारूच्या बाटल्या आणि डबे कितीतरी जास्त निघत. कचरा किती खपलं ते सांगतो, कितीजणांनी ते नाही सांगत. तुम्हाला माणसं मोजायची आहेत.

मग अंदाज बांधायला काहीच नाही का? आहे की. देशात घरोघरी जाऊन केलेली प्रौढांची तंबाखू पाहणी आहे. २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. त्यात ओढणारे जेमतेम ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४. (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जास्त भरते.) म्हणजे आपल्या राज्यात सिगारेटचं चित्र काढून व्यसनमुक्तीचं पोस्टर करणं हा कागदाचा अपव्यय आहे, पण ते असो. देशभरातल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींत हा आकडा १२.४ टक्के होता. तुमची मुलं त्या वयाची, पण शिकणारी, आणि तुमचा भाग खर्ऱ्याचा. एक गोष्ट कमी करणारी, एक वाढवणारी. नेमका आकडा यावरून काढू नका. पण चार आला तर भुवई उंचवायची आणि पन्नास आला तरी उंचवायची, एवढं यातून कळतं.

आता काम. फोन बाजूला ठेवा, कागद घ्या. सगळ्या वर्गांच्या चिठ्ठ्या करा आणि डोळे मिटून काही उचला. किती मुलं पुरतील, याला आमच्याकडे प्रबंध करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेलं सूत्र आहे, चार पी क्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे अंदाजी टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून ती वजा केलेली, एल म्हणजे किती टक्क्यांची चूक चालेल. बारा टक्के आणि चाराची चूक धरली तर चार गुणिले १२ गुणिले ८८ भागिले १६, उत्तर २६४. पण एका बाकावरचे चौघे एकाच टपरीवर जातात. चार वेगळी मुलं विचारल्याचं समाधान त्यात मिळत नाही. म्हणून चारशेपर्यंत जा. अकराशे कशीबशी भरून घेण्यापेक्षा चारशे नीट.

नीट म्हणजे कसं? परीक्षेसारखं लांब लांब बसवा. कागदावर नाव नाही, रोल नंबर नाही, अक्षर ओळखू येईल असं काही लिहायचं नाही, फक्त खुणा. शेवटी घडी घालून मतपेटीत. तुम्ही स्वतः वर्गात थांबू नका, रेक्टर आणि प्राचार्य तर मजल्यावरही नकोत. दुसऱ्या कॉलेजच्या एखाद्या सहकाऱ्याला बोलवा. कागदावर शाखा, वर्ष, मुलगा की मुलगी, गाव, वसतिगृह, सगळं एकदम विचारू नका. बीएस्सी तृतीय वर्षाच्या वर्गात वसतिगृहात राहणारी मुलगी एकच असेल तर नाव न लिहिताही तिचं नाव लिहिलं गेलं. मुलींच्या बाबतीत हे दुप्पट जपा. मुलाचं व्यसन गावात चर्चेचा विषय होतो, मुलीचं लग्नाचा. अहवालातही मुलींचा आकडा अगदी लहान असेल तर वर्गवार फोडू नका.

त्या दिवशी गैरहजर किती होते ते लिहून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी परत जा. कंटाळवाणं आहे, पण अख्ख्या पाहणीत माझ्या मते ही एकच फेरी सगळ्यात मोलाची.

सुरुवातीला पाहणी कशासाठी, सोडून दिली तरी चालेल, हे तोंडी सांगा. महाविद्यालयात नीतिमत्ता समिती असेल तर तिची परवानगी घ्या. अठराच्या आतली मुलं वर्गात असतील तर पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो, तोही समितीपुढे ठेवा. कागदाच्या तळाशी फाडून नेता येईल अशी पट्टी द्या: तंबाखू सोडायला मदत १८०० ११ २३५६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. आत्महत्येचे विचार येतात का, हा प्रश्न मात्र हौसेने घालू नका. कुणी ‘हो’ लिहिलं आणि नाव नाही, तर तुम्ही काय करणार? समुपदेशक दोन दिवस कॉलेजात बसणार असेल तरच तो विषय काढा.

काही गोष्टी विचारायच्याच नसतात. हेल्मेट आणि ट्रिपल सीट हवं असेल तर सकाळी दोन तास फाटकाच्या पलीकडे चहा पीत बसा आणि मोजा. तिथे ‘गेल्या ३० दिवसांत’ नको, डोळे पुरेत.

खर्ऱ्याचं साध्या कागदावर बरंच खरं येईल असं मला वाटतं, कारण तुमच्या भागात ती फार लपवायची गोष्ट नाही. गांजाचं येणार नाही. सरकारलाही हे माहीत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन ४ लाख ७३ हजारांवर माणसांना विचारलं, आणि तरी बेकायदा अमली पदार्थांसाठी निराळी वाट धरावी लागली: १३५ जिल्ह्यांत, एका घेणाऱ्याकडून त्याच्या ओळखीतल्या दुसऱ्याकडे, असं करत ७० हजारांहून अधिक जणांपर्यंत पोचले. ते तुमचं काम नाही, आणि कॉलेजात तर मुळीच करू नका. तो एकमेकांकडे बोट दाखवण्याचा कार्यक्रम होईल.

तुमच्यासाठी नाणं आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ले वॉर्नर यांनी काढलेल्या युक्तीचा हा सोपा प्रकार. बँकेतून शंभर-दीडशे रुपयांची चिल्लर आणा, कारण हल्लीच्या पोरांच्या खिशात फोनपे असतं, नाणं नसतं. प्रत्येकाने हाताच्या आडोशाने नाणं उडवायचं. छापा आला तर प्रश्नाचं खरं उत्तर लिहायचं. काटा आला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचं. आता ‘हो’ लिहिलेला कागद पकडून कुणी विचारलं, तर मुलगा म्हणेल, काटा आला होता. कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, तुम्हालाही नाही. पण बेरीज सांगते. २०० मुलांपैकी १०० जणांना काटा येईल असं धरा, ते सगळे ‘हो’. एकूण ‘हो’ १३० आले, तर छाप्याच्या १०० जणांतले ३० खरे. म्हणजे ३० टक्के. मला शिकवताना या जागी दरवर्षी वर्गात एक तरी पोरगं मोठ्याने ‘अरे!’ म्हणायचं.

या आडोशाची किंमत मोजावी लागते. २०० मुलांना सरळ विचारून ३० टक्के आले तर चूक साधारण सहा टक्के इकडेतिकडे. नाण्याने आले तर तेरा. म्हणजे १७ ते ४३ मध्ये काहीही. तेवढाच नेमकेपणा हवा तर चौपटीहून जास्त मुलं लागतात. शिवाय आणखी एक गंमत: कधी विडीला हात न लावलेला सरळमार्गी मुलगा काटा आला तरी ‘हो’ लिहायला तयार होत नाही. हात थरथरतो त्याचा. अशी मुलं बरीच निघाली तर ‘हो’ निम्म्याहून कमी येतात आणि उत्तर शून्याखाली जातं. म्हणून आधी एक गंमतीचा प्रश्न घेऊन सराव करून घ्या: ‘तास बुडवून सिनेमाला गेलात का?’

आणि आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं तो प्रश्न. त्याच कागदावर शेवटी विचारा: ‘तुमच्या मते तुमच्या वर्गातल्या दहांपैकी किती जण गेल्या महिन्यात खर्रा किंवा तंबाखू खाल्लेले असतील?’ १९८६ मध्ये अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोवित्झ यांनी एका कॉलेजात दारूबद्दल पाहिलं, तर मुलं स्वतः जेवढी सैल होती त्याहून बाकीच्यांना कितीतरी सैल समजत होती. १९९३ मध्ये प्रिन्स्टनमध्ये प्रेंटिस आणि मिलर यांना हेच आढळलं: आपल्यालाच हे पिणं खटकतं, बाकी सगळ्यांना चालतं, असं जो तो मनात धरून बसलेला. तुमच्याकडेही वर्ग सरासरी ‘सहा’ म्हणाला आणि मतपेटीतून दहात दीड निघाले, तर तुमच्या हातात खरी गोष्ट आली. पहिल्या वर्षाला नव्याने आलेला मुलगा ‘सगळेच खातात’ म्हणून हात पुढे करतो. आणि ते ‘सगळेच’ त्याला कोण शिकवतं? रेक्टर रोज, आणि ८० टक्केवाले वक्ते माइकवरून, हार घालून घेऊन.

शून्याचं नुकसान वेगळ्या जातीचं. शून्य लिहिलं की पुढच्या वर्षी समुपदेशक मागायला तोंड राहत नाही. प्राचार्यांना हे पैशांच्या भाषेत सांगून पाहा. फलक काढा असं आपण म्हणतच नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा आहे, आणि फाटकासमोरची टपरी हटवायला पंचायतीकडे जाताना कोरा शून्य काही कामाचा नाही.

अहवालात या वर्षी टक्केवारीचा रकाना भरू नका. लिहा: ‘ऑनलाइन पाहणीला ११०० पैकी १८७ जणांनी प्रतिसाद दिला. ओळख नोंदली गेल्यामुळे आणि प्रतिसाद कमी असल्यामुळे प्रमाण काढलेले नाही. निनावी लेखी पाहणी डिसेंबरमध्ये घेण्यात येईल.’ आणि डिसेंबरनंतर आकड्याशेजारी त्याचं गाव-घर लिहा: कुठले पदार्थ, कुठले ३० दिवस, किती वर्ग, किती हजर, किती परत जाऊन गाठले, कागदावर की नाण्याने.

त्या दिवशी एक कागद रेक्टरांनाही द्या. पहिले प्रश्न सोडून फक्त शेवटचा. दहांपैकी किती, ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि घडी घालून पेटीत टाकायला सांगा.